बारा-बारा-बारा : वाढदिवस कोणाचा, आठवण कोणाची?

६ डिसेंबर उलटला की चैत्यभूमीवर गेलेली माणसे मिळेल त्या गाडीने जालन्याला परत येऊ लागतात. पाय सुजलेले, घसा बसलेला, पण पिशवीत नवी पुस्तके, निळी दिनदर्शिका आणि बाबासाहेबांची एखादी तसबीर. चार-पाच दिवस जात नाहीत तोच अंबड चौफुलीपासून गांधी चमनपर्यंत बॅनर झळकतात. १२ डिसेंबर! एका बाजूला 'साहेबां'ना दीर्घायुष्याच्या शुभेच्छा, दुसऱ्या बाजूला 'लोकनेत्या'च्या जयंतीचे अभिवादन. शरद पवार यांचा जन्म १२ डिसेंबर १९४०चा, गोपीनाथ मुंडे यांचा १२ डिसेंबर १९४९चा. एक बारामतीचे, दुसरे परळी तालुक्यातल्या नाथ्ऱ्याचे. आयुष्यभर एकमेकांसमोर उभे राहिलेले दोन नेते एकाच तारखेला जन्मले, हा योगायोग मराठी वृत्तपत्रांना इतका आवडतो की दरवर्षी त्यावर नव्याने शाई सांडते. सिनेमावाले त्यात तिसरे नाव घालतात. बंगळूरच्या मराठी घरात १२ डिसेंबर १९५० रोजी जन्मलेले शिवाजीराव गायकवाड, म्हणजे रजनीकांत. क्रिकेटवाले युवराजसिंगला ओढून आणतात.

यादी इथेच संपते. वास्तविक ती जिथून सुरू व्हायला हवी ते नाव त्यात नसते. सूर्यपुत्र यशवंतराव ऊर्फ भैय्यासाहेब आंबेडकर यांचा जन्म १२ डिसेंबर १९१२ रोजी मुंबईत झाला. आकड्यांत लिहा : १२-१२-१२. त्यांची जन्मशताब्दी आली ती १२ डिसेंबर २०१२ रोजी, म्हणजे पुन्हा १२-१२-१२! त्या दिवशी साऱ्या प्रसारमाध्यमांना या तारखेचे वेड लागले होते. या मुहूर्तावर लग्ने लागली, मुले जन्माला यावीत म्हणून शस्त्रक्रियांच्या वेळा ठरवल्या गेल्या. तारखेचे एवढे कौतुक झाले, पण त्याच तारखेला ज्याची शंभरी भरत होती त्या माणसाची दखल प्रस्थापितांच्या कोणत्या पानावर होती? त्यांना दोष देऊन थांबता येत नाही. आपल्या वस्तीत, आपल्या विहारात त्या दिवशी काय झाले, हेही विचारावे लागेल. ज्या स्तूपापुढे आपण सहा दिवस आधी माथा टेकवून आलो, तो स्तूप कोणी उभारला, हे आपल्या घरातल्या किती मुलांना सांगता येईल?

अगोदर योगायोगाचा निकाल लावू. एकाच तारखेला दोन मोठी माणसे जन्मली म्हणजे त्यात काही दैवी संकेत आहे, असे मानणाऱ्यांची संख्या कमी नाही. भविष्यवाले तर पवार-मुंडे यांच्या पत्रिका मांडून बसतात. गणित मात्र वेगळेच सांगते. कुठल्याही खोलीत २३ माणसे जमली की त्यांतल्या किमान दोघांची जन्मतारीख एक असण्याची शक्यता निम्म्याहून अधिक होते. मराठवाड्यातून विधानसभेवर ४६ आमदार जातात. एवढ्या माणसांत दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता शंभरात चौऱ्याण्णवहून अधिक भरते. यात ना ग्रह आहेत, ना तारे. वर्षाचे दिवस थोडे आणि माणसे फार, एवढीच गोष्ट.

आणि तारखेवरूनच माणसाचे भवितव्य ठरत असेल तर १२ डिसेंबरचेच उदाहरण घ्या. एकजण सहकाराच्या पट्ट्यात सधन शेतकऱ्याच्या घरी जन्मला, एकजण बालाघाटाच्या कोरडवाहू गावात, एकजण बंगळुरात वाढून बसमध्ये कंडक्टर झाला आणि एकजण मुंबईत, ज्या जातीला माणूस म्हणून पाणवठ्यावर उभे राहता येत नव्हते त्या जातीत जन्मला. चौघांची रास एकच! फरक पाडला तो घराने, जातीने, शेतीच्या पाण्याने, शाळेने आणि संघटनेने. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाला हे वेगळे सांगण्याची गरज नसावी. पण अलीकडे आपल्याही काही घरांत भिंतीवर बाबासाहेब आणि कपाटात पत्रिका, असा प्रकार दिसतो, म्हणून सांगितले.

एका तारखेवर दोन माणसे असली की त्यातला कोण लोकांना आठवतो? ज्याच्यामागे सत्ता, पैसा किंवा संघटना असते तो. २ ऑक्टोबरचे बघा. लालबहादूर शास्त्री देशाचे पंतप्रधान होते, तरी गांधीजींच्या जयंतीदिनी त्यांचा फोटो बाजूच्या खुर्चीवर ठेवला जातो. पंतप्रधानाची ही अवस्था, तर आपल्या माणसांचे काय! १५ ऑक्टोबर हा कर्मवीर दादासाहेब गायकवाडांचा जन्मदिन. १९०२चा. काळाराम सत्याग्रहात आणि भूमिहीनांच्या लढ्यात आयुष्य घातलेला हा माणूस. पण १५ ऑक्टोबर हा अब्दुल कलामांचाही जन्मदिन आहे आणि २०१५पासून महाराष्ट्र सरकार तो 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून साजरा करते. कलाम मोठेच होते, त्याबद्दल वाद नाही. पण भूमिहीनाला गायरानाचा तुकडा मिळावा म्हणून तुरुंगात गेलेल्या माणसाची आठवण त्या दिवशी शाळेच्या फळ्यावर येत नाही. १ ऑगस्टला लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णाभाऊ साठे यांची जयंती. १९२०चा एकच दिवस, एक गेला आणि एक आला. तिथे मात्र मातंग समाजाने, कामगारांनी आणि शाहिरांनी जोर लावला, म्हणून आज टिळकांइतकेच अण्णाभाऊ त्या दिवशी मिरवणुकीत दिसतात.

याहून जवळचे उदाहरण जालनेकरांच्या रोजच्या रस्त्यावर आहे. सिंदखेडराजा बुलढाणा जिल्ह्यात असला तरी जालन्याहून तासाभराच्या अंतरावर. १२ जानेवारी हा राजमाता जिजाऊंचा जन्मदिन आणि स्वामी विवेकानंदांचाही. केंद्र सरकारने विवेकानंदांच्या नावाने तो युवा दिन ठरवला. शाळा-कॉलेजात त्याचेच कार्यक्रम होत. मराठा सेवा संघ १९९० साली स्थापन झाला आणि त्यानंतरच्या वर्षांत त्याने सिंदखेडराजाला जिजाऊ जन्मोत्सवाचे असे रूप दिले की आता १२ जानेवारी म्हटले की या भागात आधी जिजाऊ आठवतात. तारखेचा सातबारा कोणाच्या नावावर कायमचा नसतो. जो कसतो त्याच्या नावावर ती चढते. मग १२ डिसेंबर आपण का कसली नाही?

त्या दिवशी ज्यांचे बॅनर लागतात त्या दोघांचा आणि आंबेडकरी चळवळीचा संबंध नसता, तर गोष्ट सोपी होती. पण तसे नाही. पुलोद सरकारचे मुख्यमंत्री म्हणून शरद पवारांनी २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव दोन्ही सभागृहांत मंजूर करून घेतला. त्याचे श्रेय त्यांचे आहे, ते नाकारण्याचा कद्रूपणा आपण करू नये. पण त्याच संध्याकाळपासून मराठवाड्याच्या तेव्हाच्या पाचही जिल्ह्यांत दलित वस्त्या जळू लागल्या. जालना तेव्हा स्वतंत्र जिल्हा नव्हता. १ मे १९८१ रोजी तो झाला. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचिराम कांबळे यांना ४ ऑगस्टला मारण्यात आले. सरकारने मग ठराव बासनात गुंडाळला. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १९७९ मध्ये, प्रा. जोगेंद्र कवाडे यांचा लाँग मार्च दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे निघाला, तो खडकपूर्णेच्या पुलावर अडवला गेला आणि लाठ्या बरसल्या. भोकरदन-जाफराबादच्या शिवारातून वाहणारी आपली पूर्णा बुलढाणा जिल्ह्यात शिरली की तिला खडकपूर्णा म्हणतात. ते पाणी आपल्याच गावांवरून गेलेले. मुख्यमंत्री तेव्हाही शरद पवारच होते. अखेर १४ जानेवारी १९९४ला नामविस्तार झाला, तोही पवार मुख्यमंत्री असताना, आणि तोही गौतम वाघमारे यांनी २५ नोव्हेंबर १९९३ रोजी नांदेडला स्वतःला पेटवून घेतल्यावर. एका ठरावाची अंमलबजावणी व्हायला साडेपंधरा वर्षे लागली, आणि तीही नामांतर नव्हे, नामविस्तार म्हणून.

गोपीनाथ मुंडे यांचा हिशोबही असाच दुहेरी आहे. शेटजी-भटजींचा म्हणून ओळखला जाणारा पक्ष त्यांनी मराठवाड्याच्या वाडी-तांड्यापर्यंत नेला, आणि लोकसभेत जातनिहाय जनगणनेसाठी पक्षाची चौकट ओलांडून बोलले, हे ओबीसी समाज विसरलेला नाही. पण ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाल्यावर जमलेल्या माणसांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या झाडल्या, दहा जण गेले, तेव्हा राज्याचे गृहखाते उपमुख्यमंत्री मुंडे यांच्याकडे होते. हेही आपण विसरायचे का? ३ जून २०१४ रोजी दिल्लीतल्या अपघातात ते गेले. पुढच्याच वर्षी त्यांच्या जन्मतारखेला, १२ डिसेंबर २०१५ रोजी, परळीजवळ 'गोपीनाथगड' लोकांसाठी खुला झाला. त्याच आठवड्यात दिल्लीच्या विज्ञान भवनात पवारांच्या पंचाहत्तरीचा सोहळा राष्ट्रपती-पंतप्रधानांच्या उपस्थितीत पार पडला होता. देशात ते वर्ष बाबासाहेबांच्या सव्वाशेव्या जयंतीचे म्हणून चालू होते. भैय्यासाहेबांच्या तारखेचे त्या आठवड्यात कोणाला काय पडले होते!

मराठवाड्यात १२ डिसेंबरचा बॅनर आता निव्वळ वाढदिवसाचा राहिलेला नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबड तालुक्यातल्या आंतरवाली सराटीत लाठीमार झाला आणि मराठा आरक्षणाचा प्रश्न पेटला. नोव्हेंबरमध्ये अंबडलाच ओबीसींची सभा झाली, आणि पुढच्या वर्षी वडीगोद्रीत उपोषण. दोन समाज एकाच तालुक्यात समोरासमोर आले. आता कोणत्या गल्लीत कोणाचा फोटो आहे, यावरून गल्ली कोणाची हे कळते. साहेबांचा बॅनर पाहून एक नाव घ्यायचे, मुंडेसाहेबांचा बॅनर पाहून दुसरे. माणसाच्या जन्मतारखेचा जातीची पाटी म्हणून असा उपयोग होईल, हे त्या दोन नेत्यांनाही कदाचित आवडले नसते. आणि आपल्या वस्तीतले काही कार्यकर्ते? ते दोन्हीकडच्या बॅनरवर खालच्या ओळीत, तिकिटाएवढ्या फोटोत, 'शुभेच्छुक' म्हणून हजर! मुंबईच्या सिनेमाचे फोटो दुकानाबाहेर लावावेत तसे. त्यापेक्षा तो रजनीकांत बरा. पा. रंजित या दिग्दर्शकाच्या 'कबाली'त (२०१६) तुरुंगात तो पुस्तक वाचताना दिसतो, ते वाय. बी. सत्यनारायण यांचे 'माय फादर बालय्या', म्हणजे तेलंगणातल्या एका दलित घराच्या तीन पिढ्यांची हकिगत. 'काला'मध्ये (२०१८) तो धारावीच्या जमिनीसाठी उभा राहतो. पडद्यावर का होईना, १२ डिसेंबरवाल्याने आपले पुस्तक हातात घेतले.

आता भैय्यासाहेबांविषयी. ते वर्षाचेही झाले नव्हते तेव्हा बाबासाहेब शिक्षणासाठी अमेरिकेला गेले. आजोबा सुभेदार रामजी २ फेब्रुवारी १९१३ रोजी, नातू दोन महिन्यांचाही नसताना, वारले. १९१३ ते १९१७ अमेरिका आणि इंग्लंड, पुन्हा १९२० ते १९२३ इंग्लंड. मुलाच्या पहिल्या दहा वर्षांतली सुमारे सात वर्षे बाप परदेशी. मागे रमाई, अपुरा पैसा आणि आजारपणे. गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न ही चारही भावंडे लहानपणीच गेली. पाच लेकरांतले एक यशवंत तेवढे हाताशी राहिले. आपण रमाईच्या त्यागावर गीते गातो, डोळ्यांत पाणी आणतो. त्या त्यागाचा अर्धा वाटा या मुलानेही उचलला होता, हे मात्र त्या गीतांत सहसा येत नाही. १९३५ साली रमाई गेल्या तेव्हा ते बावीस वर्षांचे होते.

पुढे त्यांनी छापखाना सांभाळला. हे काम वाचायला लहान वाटते. पण 'जनता' आणि १९५६च्या फेब्रुवारीपासून त्याचेच झालेले 'प्रबुद्ध भारत' हे पत्र ज्या समाजापर्यंत जायचे होते, त्या समाजाकडे ना जाहिराती होत्या, ना वर्गणी वेळेवर भरण्याची ऐपत. अंक निघाला नाही तर बाबासाहेबांचा शब्द खेड्यात पोहोचत नव्हता. खिळे जुळवणे, कागद उधारीवर आणणे, अंक टपालात टाकणे या कामाला टाळ्या नसतात. दैनिक काढणाऱ्या कोणाही आंबेडकरी माणसाला विचारा, यात माणूस कसा झिजतो ते. दादरच्या आंबेडकर भवनाची आणि बुद्धभूषण छापखान्याची ती वास्तू २५ जून २०१६च्या पहाटे पाडण्यात आली, तेव्हा राज्यभर संताप उसळला आणि १९ जुलैला मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला. बाबासाहेबांची वास्तू म्हणून तो राग योग्यच होता. पण त्या यंत्रांवर ज्याचे हात काळे झाले त्याचे नाव त्या घोषणांत फारसे ऐकू आले नाही.

६ डिसेंबर १९५६! बाबासाहेब गेले तेव्हा भैय्यासाहेबांचा चव्वेचाळिसावा वाढदिवस सहा दिवसांवर होता. त्यानंतर त्यांचा प्रत्येक वाढदिवस महापरिनिर्वाणाच्या आठवड्यातच आला. कोणता मुलगा अशा आठवड्यात हार घालून घेईल? त्यांच्या तारखेवर आपल्या वस्तीत दिवे लागले नाहीत, याचे एक कारण हेही असावे.

धम्मदीक्षेला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. लाखो माणसे बौद्ध झाली होती, पण त्यांचे लग्न कोणी लावायचे, बाळाचे नाव कसे ठेवायचे, मयताला काय म्हणायचे, हे गावोगाव कोणालाच ठाऊक नव्हते. घरातले देव बाहेर काढलेले, आणि रिकाम्या कोनाड्यात काय ठेवायचे हा प्रश्न. बाबासाहेबांनी १९५५च्या मे महिन्यात स्थापन केलेल्या भारतीय बौद्ध महासभेची धुरा भैय्यासाहेबांकडे आली आणि अखेरपर्यंत त्यांनी ती वाहिली. पक्षाच्या माणसाला निवडणूक असते, पद असते, किमान विरोधक तरी असतात. धम्माच्या कार्यकर्त्याला फक्त फिरणे असते. आज जालना जिल्ह्याच्या एखाद्या लहान गावात बौद्ध पद्धतीने लग्न लागते, बौद्धाचार्य पांढऱ्या वस्त्रात उभे राहून त्रिसरण-पंचशील देतात, कोणालाही ब्राह्मणाची आठवण होत नाही. ही व्यवस्था आपोआप उगवलेली नाही. १९६० ते १९६६ या काळात ते विधान परिषदेचे सदस्यही होते. पण आमदारकी त्यांच्या चरित्रात एका ओळीचीच जागा घेते, आणि ते मला बरोबर वाटते.

आणि चैत्यभूमी. ७ डिसेंबर १९५६ला दादरच्या चौपाटीवर जिथे बाबासाहेबांना अग्नी दिला गेला, तिथे स्तूप उभारायचा ध्यास भैय्यासाहेबांनी घेतला. सरकारने बांधून द्यावा म्हणून ते हात जोडून बसले नाहीत. बाबासाहेबांच्या जन्मगावाहून, महूहून, मुंबईपर्यंत भीमज्योत काढली आणि वाटेतल्या गरीब माणसांकडून लोकवर्गणी गोळा केली. ५ डिसेंबर १९७१ रोजी त्यांच्या पत्नी मीराताई आंबेडकर यांच्या हस्ते स्तूपाचे उद्घाटन झाले. पंधरा वर्षे लागली. आज तिथे पंतप्रधान येतात, मुख्यमंत्री येतात, वाहिन्यांचे कॅमेरे लागतात. ६ डिसेंबरला भारतात जगातल्या मोठ्या मेळाव्यांतला एक मेळावा भरतो, आणि तो ज्या जागेभोवती भरतो ती जागा एका मुलाने बापासाठी, पण समाजाच्या पैशाने, समाजाच्या मालकीची म्हणून राखली.

मग विसर का पडला? 'प्रस्थापितांनी पाडला' हे उत्तर सोपे आहे आणि अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे आपल्याकडे आहे. ३ ऑक्टोबर १९५७ला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि लवकरच त्याची शकले होऊ लागली. तेव्हापासून आपण माणसे मोजतो ती गटांवरून. भैय्यासाहेब कोणत्याही एका गटाच्या झेंड्यावर पुरते मावले नाहीत. दुसरे म्हणजे 'सूर्यपुत्र' हे बिरुद. प्रेमाने दिलेले, मीही वर तेच वापरले. पण त्याने माणूस बापाच्या प्रकाशात इतका उभा केला की त्याची स्वतःची सावलीही दिसेनाशी झाली. बाळासाहेब तथा प्रकाश आंबेडकर यांचे वडील, बाबासाहेबांचे चिरंजीव. मागे एक नाते, पुढे एक नाते, मधला माणूस गायब. आणि तिसरे, आपल्याला भाषणे आठवतात, कामे आठवत नाहीत.

मराठवाड्यात तर त्यांच्या वाट्याला आणखी एक अडचण आहे. जन्मतारीख बॅनरखाली गेली, तशी स्मृतिदिनाची तारीखही झेंड्याखाली गेली. भैय्यासाहेब १७ सप्टेंबर १९७७ रोजी वारले. नामांतराचा ठराव व्हायला अजून दहा महिने होते. १७ सप्टेंबर म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. १९४८ साली या दिवशी निजामी राजवट शरण आली. जालन्यात सकाळी पालकमंत्र्यांचे ध्वजारोहण, हुतात्म्यांना मानवंदना, शाळांच्या फेऱ्या. त्या गर्दीतून मस्तगडाला बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी जाऊन त्यांच्या मुलाची आठवण काढायला कोणाला सवड आहे? गंमत अशी की या तारखेवर आपली माणसे कमी नाहीत. पेरियार ई. व्ही. रामसामी यांचा जन्म १७ सप्टेंबर १८७९चा. बोधगयेच्या महाविहारासाठी लढलेले अनागारिक धर्मपाल १७ सप्टेंबर १८६४चे. भिक्षुकशाहीचे वाभाडे काढणारे प्रबोधनकार ठाकरे १७ सप्टेंबर १८८५चे. पंतप्रधान नरेंद्र मोदी हेही १७ सप्टेंबरचेच, १९५०चे. आता त्या दिवशी शुभेच्छांची पाने कोणासाठी भरतात, हे सांगायला नको. एकाच दिवशी जन्मलेल्यांत पेरियारांचे एकही पान निघत नाही, आणि तरी काहीजण म्हणतात की दिनदर्शिका तटस्थ असते!

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. बाबासाहेबांनीच विभूतिपूजेला विरोध केला, मग आणखी एका जयंतीची भर कशाला? १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या १०१व्या जन्मदिनानिमित्त त्यांनी जे व्याख्यान दिले, त्यात हाच प्रश्न त्यांनी उघडला होता. थोर माणसाबद्दल आदर वाटणे वेगळे आणि त्याच्या मागे आंधळेपणाने चालणे वेगळे, असा भेद त्यांनी केला. एका वाढदिवसाच्या व्यासपीठावर उभे राहून वाढदिवसवाल्या नेत्यांची अशी झडती घेणारा दुसरा वक्ता मला माहीत नाही. म्हणून भैय्यासाहेबांच्या नावाने डीजे लावा, बॅनर लावा, असे मी म्हणणार नाही. बॅनरच्या शर्यतीत आपण बारामती आणि परळीपुढे टिकणारही नाही, आणि टिकूही नये. फ्लेक्सचे बिल कोण भरतो, हे ज्याला कळते त्याला पुढचे राजकारणही कळते.

काम करायचे तर दुसरे आहे आणि त्याला वेळ थोडा उरला आहे. १९७१ साली जो वीस वर्षांचा होता तो आज सत्तरीच्या पुढे आहे. जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या आठ तालुक्यांत अजून अशी माणसे आहेत, ज्यांनी दीक्षेनंतरची पहिली बौद्ध लग्ने पाहिली, स्तूपासाठी वर्गणी दिली, महासभेच्या शिबिरात बसून वंदना पाठ केली, १९७८चा जाळपोळीचा पावसाळा अंगावर घेतला. त्यांच्यापैकी कोणी भैय्यासाहेबांना ऐकले असेल, कोणी मुंबईला जाऊन भेटले असेल. त्यांच्याकडे पावत्या असतील, निमंत्रणपत्रिका असतील, 'प्रबुद्ध भारत'चे पिवळे पडलेले अंक पेटीच्या तळाशी असतील. ते अंक रद्दीत जायच्या आत कोणीतरी मागायला हवेत. १२ डिसेंबरला विहारात भाषण ठेवण्याऐवजी कॉलेजातल्या चार पोरा-पोरींनी वही आणि मोबाईलचा रेकॉर्डर घेऊन या आजोबा-आजींच्या ओसरीवर जावे. कोण आले होते, कोणत्या गाडीने, कोणाच्या घरी उतरले, जेवायला काय केले, वर्गणी किती दिली, असे साधे प्रश्न विचारावेत. मोठ्या इतिहासाला लागतात ती हीच उत्तरे.

आणि बोलता बोलता त्या म्हाताऱ्या माणसांची स्वतःची जन्मतारीखही विचारावी. बहुतेक जण १ जून सांगतील. घरात तारीख लिहून ठेवणारे कोणी नव्हते, ग्रामपंचायतीत नोंद नव्हती, शाळा जूनमध्ये भरायची. गुरुजींनी पोराचा हात डोक्यावरून कानापर्यंत पोचतो का बघितले आणि रजिस्टरात वर्ष अंदाजाने, तारीख १ जून अशी मांडून टाकली. ४६ आमदारांचे मघाचे गणित इथे पार कोसळते. या जिल्ह्यात एकाच दिवशी जन्मलेल्या माणसांची सगळ्यात मोठी यादी तीच आहे, आणि त्यांच्या वाढदिवसाला आजवर कोणी बॅनर लावलेला नाही.